छत्र्या, पाऊस आणि ५२० नंबरचं कपाट

मागच्या वेळी आपण बँकेच्या कर्जाचे हप्ते आणि गटाचं रजिस्टर यावर बोललो होतो. आज विषय थोडा लांबचा वाटेल. विद्यापीठातलं विज्ञानाचं ग्रंथालय, आणि त्यातही भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राची कपाटं. "आम्हाला त्याचं काय करायचंय?" असं म्हणून रेडिओ बारीक करू नका. आम्ही पाच जणी तिथे गेलो त्यालाही कर्जच कारण होतं.

आमचा गट जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातला. नारायणगावच्या पूर्वेला खोडद आहे आणि खोडदला ती मोठी दुर्बीण आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. एसटीच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या छत्र्या. एकूण ३० आहेत, एकेकीचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या १४ खोडदजवळ साधारण एका चौरस किलोमीटरमध्ये दाटीने आहेत, बाकीच्या १६ तीन दिशांना लांब लांब पसरलेल्या. कुणाच्या रानाशेजारी, कुणाच्या शाळेच्या वाटेवर. लहानपणापासून आम्ही त्या पाहतो, पण त्या काय करतात हे कुणी विचारलं तर "आकाशातलं बघतात" यापलीकडे आमचं उत्तर जात नव्हतं.

आता कर्जाचं. आमच्या एका सभासद ताईंची मुलगी पुण्याला एम.एस्सी. करते, भौतिकशास्त्रात. शेवटचं वर्ष आणि प्रकल्प पल्सार नावाच्या ताऱ्यांवर. मेसचे आणि खोलीचे पैसे भरायचे म्हणून ताईंनी गटाकडे १५ हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. त्यांची परतफेड कधी चुकलेली नाही, म्हणून आम्हाला वाटलं पाच मिनिटांत ठराव होईल. तो झाला नाही. एक काकू म्हणाल्या, "पोरगी शिकून त्या छत्र्यांच्याच कामाला लागणार. ज्या छत्र्यांनी आपला पाऊस पळवला, त्यांच्यासाठी आपल्या बचतीचे पैसे द्यायचे?" दुसरीने मान डोलावली. तिसरी म्हणाली, कारखाने येत नाहीत, रेल्वेचा मार्ग बदलायला निघालेत, सगळं त्या दुर्बिणीपायी. बैठक तिथेच थांबली. इतिवृत्तात लिहिलं, 'विषय पुढील बैठकीत घेणे'.

पाऊस पळवण्याची गोष्ट आमच्याकडे बऱ्याच जणी बोलतात. ढग येतात, छत्र्या फिरतात, ढग निघून जातात. डोळ्यांनी दिसतं तसंच. वाटाणं चूक म्हणता येत नाही, कारण त्या फिरतात हे खरं आणि पाऊस कमी पडतो हेही खरं. मुलगी दिवाळीच्या सुटीत घरी आली होती. ती चिडली नाही. म्हणाली, "काकू, मी सांगून तुम्हाला पटणार नाही, मी त्यांच्याच बाजूची. तुम्ही स्वतः चला. मी दिवसभर जिथे बसते तिथे तुम्हीच शोधा."

म्हणून आम्ही निघालो. सकाळच्या एसटीने वाकडेवाडीला, तिथून विद्यापीठात. हे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं आणि २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. आवारातलं मोठं ग्रंथालय बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकरांच्या नावाचं, ते विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. शिवाय विभागांमध्ये पुस्तकांची कपाटं वेगळी असतात. खगोलशास्त्राच्या दोन मोठ्या संस्थाही याच आवारात आहेत. एक आयुका, जी जयंत नारळीकरांनी उभी केली, आणि दुसरी खोडदची दुर्बीण चालवणारी. म्हणजे आपल्या रानातल्या छत्र्यांचं घर तिकडे आहे म्हणा.

आत जाण्याबद्दल आधी सांगतो, कारण बायका दारातूनच परत फिरतात. एका ठिकाणी, नाव नको, आम्हाला "तुमचं इथं काय काम?" असं ऐकवलं गेलं होतं. विद्यापीठाचं ग्रंथालय हे सार्वजनिक वाचनालय नाही, तिथे सभासद म्हणजे विद्यार्थी आणि शिक्षक. बाहेरच्या माणसाला एका दिवसाच्या परवानगीसाठी पत्र लागतं. कॉलेजच्या प्राचार्यांचं किंवा विभागप्रमुखांचं, आपण कोण आणि काय वाचायचं आहे एवढं लिहिलेलं. आधार कार्ड सोबत. पिशव्या बाहेर ठेवायच्या, वही-पेन आणि चष्मा आत न्यायचा. आमच्यातल्या दोघींचे चष्मे पिशवीतच राहिले आणि परत हेलपाटा झाला.

आतल्या ग्रंथपाल मॅडम आमच्याकडे बघून हसल्या नाहीत, ही आम्हाला फार मोठी गोष्ट वाटली. त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "प्रश्न एका वाक्यात लिहा." आम्ही लिहिलं: 'दुर्बिणीमुळे पाऊस कमी होतो का?' त्यांनी त्याखाली रेघ मारली आणि त्याचे दोन प्रश्न केले. दुर्बीण नेमकं काय करते, हा एक. दुर्बीण येण्याआधी आपल्याकडे पाऊस किती होता, हा दुसरा. "हे दोन वेगळ्या कपाटांत आहेत," म्हणाल्या. आम्हाला वाटतं, त्या दिवसातलं निम्मं काम त्या रेघेनेच झालं.

कपाटांचं गणित असं. पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवलेली असते आणि तिच्यावर आकडा असतो. बऱ्याच ग्रंथालयांत ड्युई नावाच्या माणसाची पद्धत चालते. त्यात ५०० म्हणजे विज्ञान, ५२० खगोलशास्त्र, ५३० भौतिकशास्त्र. ५२२ मध्ये आकाश बघायची साधनं, म्हणजे दुर्बिणी. पाऊस-वारा ५५१ मध्ये. एकदा आकडा कळला की पुस्तकाचं नाव माहीत नसलं तरी चालतं, कारण एका विषयाची पुस्तकं शेजारी शेजारी बसलेली असतात. किराणा दुकानात डाळी एका फळीवर असतात तशी. आकडा शोधायला संगणक असतो. त्यात लेखकाचं नाव किंवा विषय टाकायचा, पुस्तक कुठल्या फळीवर आहे आणि कुणी नेलं आहे का, दोन्ही कळतं.

इंग्रजीची भीती होतीच. मॅडमनी आधी मराठी विश्वकोश दिला. आमच्यातली एक नावं बघत म्हणाली, "अगं, यात ज्योतिषशास्त्र आहे, भविष्य बघू या का?" तर विश्वकोशात ज्योतिषशास्त्र म्हणजे खगोलशास्त्र. भविष्याला तिथे फलज्योतिष म्हणतात. ग्रंथालयात शब्द नीट बघून घ्यावा लागतो तो असा. हव्या त्या गोष्टीचं तिथलं नाव वेगळंच असू शकतं. इंग्रजीतही तेच. 'टेलिस्कोप' एवढंच टाकलं तर ढीगभर पुस्तकं निघतात, 'रेडिओ' जोडलं की मोजकी.

मग मुलीने पहिल्या प्रश्नाचं मूळ दाखवलं. 'करंट सायन्स' नावाचं नियतकालिक बंगळुरूहून निघतं, १९३२ पासून. त्याचे जुने अंक बांधून खंड केलेले असतात. १९९१ चा ६० वा खंड, पान ९५. तिथे खोडदच्या दुर्बिणीवरचा लेख आहे, ती उभी राहायच्या काळातला. पहिलं नाव डॉ. गोविंद स्वरूप यांचं, ज्यांच्या डोक्यातून ही दुर्बीण निघाली. २०२० साली ते गेले. त्याआधी उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण त्यांनीच उभारली होती.

मुलगी वाचून मराठीत सांगत गेली आणि आम्ही लिहून घेतलं. पहिली गोष्ट, ही दुर्बीण आकाशात काहीही सोडत नाही, फक्त घेते. आपला रेडिओ जसा, अगदी तुम्ही आत्ता ऐकताय तो. रेडिओ स्टेशन लहरी पाठवतं, तुमचा संच त्या पकडतो. छत्र्या म्हणजे संच. ज्या लहरी त्या पकडतात त्या इतक्या दुबळ्या असतात की त्या मोजायला वेगळं माप करावं लागलं, जान्स्की नावाचं. एका वॅटचे एकावर सव्वीस शून्यं इतके तुकडे करायचे, आणि त्यातला एक तुकडा एका चौरस मीटरवर, एका हर्ट्झमागे. आमच्यातल्या एकीने वहीत एकावर सव्वीस शून्यं खरोखर काढली. ओळ संपली, खालच्या ओळीवर गेली.

दुसरी गोष्ट, त्या छत्र्या भरीव नाहीतच. बारीक स्टीलच्या तारेची जाळी आहे, भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. वारा आरपार जातो, पाऊस खाली पडतो. म्हणूनच त्या हलक्या आणि स्वस्तात झाल्या. एवढी मोठी छत्री भरीव केली असती तर वाऱ्याचा जोर सोसायला लोखंड किती लागलं असतं! हे आम्हाला लगेच समजलं. पॉलिहाऊसचा कागद आणि शेडनेट यातला फरक आम्ही पाहिलेला आहे.

आणि खोडदच का? तर इथे माणसांचा रेडिओ गोंगाट कमी होता, आजूबाजूला डोंगरांचा आडोसा, पुणं जवळ. शिवाय पृथ्वीवरची जागा अशी की दक्षिणेकडचं आकाशही बरंच दिसतं. मोबाईल, विजेच्या ठिणग्या, मोटारसायकलचा स्पार्क प्लग, सगळ्याचा तिला त्रास. म्हणजे कारखान्यांवर आलेल्या मर्यादा आणि रेल्वेच्या मार्गाचा वाद हे खोटं नाही. दुर्बीण असण्याची किंमत आसपासच्या गावांच्या वाट्याला येते हे आमचं मत तेव्हाही होतं, आजही आहे. पण ती तक्रार वेगळी आणि पावसाची वेगळी. दोन्ही एका गाठोड्यात बांधल्या की खरी तक्रारही लोक हसण्यावारी नेतात.

दुसऱ्या प्रश्नासाठी ५५१ च्या कपाटाकडे निघालो, पण मॅडमनी मध्येच वळवलं संदर्भ विभागात. तिथे पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर आहे, इंग्रजांनी १८८५ मध्ये छापलेलं. त्यात जिल्ह्याचे पट्टे पाडलेत. पश्चिमेचा सह्याद्रीचा पट्टा भरपूर पावसाचा, मधला बेताचा, पूर्वेचा कोरडा. जुन्नरचा पश्चिम भाग, नाणेघाट-माळशेजकडचा, भिजलेला आणि आपण पूर्वेला कोरडे, हे तेव्हाचं. ढग डोंगर चढताना तिकडेच रिकामे होतात, पलीकडे उतरतात तेव्हा त्यांच्यात फारसं उरत नाही. याला पर्जन्यछाया म्हणतात, शाळेत पाठ केलं होतं आपण.

आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या मावशी, ज्या ७२ च्या दुष्काळात पंधरा वर्षांच्या होत्या आणि खडी फोडायला जात होत्या, त्या इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आम्ही सुकडी खात होतो तेव्हा कुठं होत्या छत्र्या?" छत्र्या आल्या १९९० नंतर.

मुलीने मात्र तिथे थांबू दिलं नाही. म्हणाली, एका वर्षावरून काही ठरत नाही, तसं तर दुष्काळ आधीही पडले आणि नंतरही. खरं तपासायचं तर वर्षानुवर्षांचे आकडे घ्यायचे, दुर्बिणीच्या आधीचे आणि नंतरचे. आणि शेजारचे पारनेर, शिरूर हे तालुकेही घ्यायचे, तेही पर्जन्यछायेतले, पण तिथला पाऊस कसा वागला ते बघायचं. असे आकडे हवामान खात्याकडे असतात. पुण्यात शिवाजीनगरला त्यांचं जुनं ऑफिस आहे, सिमल्याहून १९२८ साली आलं म्हणून लोक अजून त्याला सिमला ऑफिस म्हणतात. आम्ही अजून तिथे गेलेलो नाही. आधी अर्ज काय करावा लागतो ते विचारलं आहे.

जेवणानंतर मुलगी स्वतःचं काम कसं करते ते बघितलं. आईलाही ते पहिल्यांदाच दिसत होतं. तिला वाटायचं, दिवसभर ग्रंथालयात बसते म्हणजे पुस्तक पाठ करते. तसं नसतं. मुलगी आधी आढावा घेणारा एक मोठा लेख वाचते, ज्यात आजवर कुणी काय केलं ते सगळं एकत्र असतं. खगोलशास्त्रासाठी असे लेख दर वर्षी छापणारा एक ग्रंथच आहे, १९६३ पासूनचा. त्यातून मग मूळ शोधनिबंध. निबंध पहिल्या ओळीपासून वाचत नाही. आधी सुरुवातीचा सारांश, मग आकृत्या, मग शेवटचे निष्कर्ष, आणि उपयोगाचा वाटला तरच मधलं. निबंधाच्या शेवटी यादी असते, कुणाच्या कामावर हे उभं आहे त्याची. त्या यादीतून ती मागे मागे जाते. आणि संगणकावर बघते की या निबंधाचा आधार पुढे कुणी कुणी घेतला. मागे आणि पुढे, दोन्हीकडे. आपण सोयरीक जुळवताना मुलाच्या आजोळापर्यंत जातो, अगदी तसंच.

पैशाचं एक सांगायला हवं. मुलीने सुरुवातीला घरून मोबाईलवर एक निबंध उघडला, तर वेबसाइट डॉलरमध्ये पैसे मागायला लागली. तोच निबंध विद्यापीठाच्या संगणकावर फुकट उघडला, कारण वर्गणी विद्यापीठाने भरलेली असते. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आहे, सरकारी विद्यापीठं आणि कॉलेजांमधल्या मुलांना त्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं वाचता येतात. आणि खगोलशास्त्र-भौतिकशास्त्रात तर बरंचसं असंच खुलं असतं. 'अर्काइव्ह' नावाची जागा आहे, १९९१ पासूनची, जिथे शास्त्रज्ञ आपला निबंध स्वतः ठेवतात. 'एडीएस' म्हणून नासाच्या पैशावर चालणारी सूची आहे, तिथे लेखकाचं नाव टाकलं की त्याचं सगळं काम समोर. आपल्याकडच्या पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर. हे सगळं मोबाईलवर, पैसे न देता. तुमच्या मुलीला कुणी निबंधासाठी पैसे भरायला लावत असेल तर आधी तिला या तीन जागा बघायला सांगा, आणि मग कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारायला.

निघता निघता मुलीने एक जुना निबंध काढून दाखवला, 'नेचर' नियतकालिकातला, फेब्रुवारी १९६८ चा. पल्सार पहिल्यांदा सापडला ती बातमी. पाच नावं आहेत, दुसरं एस. जे. बेल. बाई की बुवा, कागदावरून कळत नाही. ती जोसेलिन बेल, केंब्रिजमध्ये शिकणारी मुलगी. दुर्बीण उभी करायला तिनेही दोन वर्षं खपून खांब ठोकले, तारा ओढल्या. मग दुर्बिणीतून रोज जवळजवळ शंभर फूट कागद बाहेर पडायचा, रेघोट्यांचा. तो ती डोळ्यांनी तपासायची. त्यात तिला एक खूण दिसली, दर १.३३ सेकंदांनी येणारी, घड्याळासारखी. १९७४ साली त्या शोधाचं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना मिळालं, तिला नाही. पुढे २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचं एक बक्षीस मिळालं. ते सगळंच्या सगळं तिने भौतिकशास्त्र शिकणाऱ्या, ज्यांना सहसा संधी मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला देऊन टाकलं. मुलगी एवढंच सांगून गप्प बसली. कर्जाचा विषय तिने काढला नाही, आम्हीही काढला नाही. खोडदच्या दुर्बिणीनेही पल्सार शोधलेत, त्यांच्यावरच ही मुलगी काम करते आहे.

पुढच्या बैठकीत आम्ही वही वाचून दाखवली. कुठल्या खंडात, कितव्या पानावर, सगळं तारखेसह, जसं आपण पासबुकाची नोंद वाचतो. अकरापैकी नऊ जणींनी कर्जाला हात वर केले, महिना शेकडा एक रुपया व्याज, दहा हप्ते. ज्या काकूंनी आधी विरोध केला त्यांनी या वेळी विरोधात हात केला नाही, पण बाजूनेही नाही. म्हणाल्या, "वही खरी असेल. मला सिमला ऑफिसचे आकडे बघू द्या." आम्हाला हे बरोबर वाटलं. ठरावात त्यांचं म्हणणंही लिहून घेतलं आहे. दुसरी एक सभासद त्या दिवशी लग्नाला गेली होती. मुलीच्या मेसचे पैसे वेळेत भरले.

तुमच्यापैकी कुणाची मुलगी बी.एस्सी., एम.एस्सी.ला असेल, किंवा तुमच्या गटाला स्वतःच असा प्रश्न पडला असेल, तर जाऊन बघा. सकाळी लवकर पोचा, एका दिवसात एकच प्रश्न घ्या. पुस्तक घरी मिळणार नाही, तेव्हा वहीत उतरवून घ्या, आणि उतरवताना नियतकालिकाचं नाव, साल, खंड आणि पान आधी लिहा, मजकूर नंतर. झेरॉक्स काढायची परवानगी काउंटरवर विचारा. पुस्तक बघून झालं की स्वतः फळीवर परत ठेवू नका, टेबलावरच ठेवा. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक पुढच्या माणसाला सापडत नाही. आयुकासारख्या संस्थेच्या ग्रंथालयात जायचं असेल तर परवानगी आधीच घ्या. आणि इंग्रजी अडलं तर आधी नारळीकरांचं मराठी 'आकाशाशी जडले नाते' वाचा, ते तालुक्याच्या वाचनालयातही मिळू शकेल. परीक्षेच्या दिवसांत बसायला जागा नसते, तेव्हा मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून बेत करा, आणि निघण्यापूर्वी फोन करून सुटी नाही ना तेवढं विचारून घ्या.